परसबागेतील कोथिंबीर गोठवून टिकविणे

शाळेच्या परसबागेत पौष-माघात कोथिंबीर व पुदिना पोषण आहारास पुरून उरतो. चैत्रात ऊन तापले की कोथिंबीर फुलावर येते व पाने मिळेनाशी होतात. मुलांनी पाणी घालून वाढविलेले पीक वाया जाऊ देणे इष्ट नव्हे. शीतकपाटाची सोय असल्यास ते गोठवून ठेवावे.

पाने निवडून, स्वच्छ धुऊन बारीक चिरावीत. बर्फाच्या साच्यातील खणांत ती भरून वर बुडेल इतके पिण्याचे पाणी ओतावे. वड्या गोठल्यावर हवाबंद पिशवीत भरून तारीख लिहावी व उणे 18 अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्यात.

पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगते. बर्फाच्या स्फटिकांनी पानातील पेशी फाटतात. म्हणून वितळलेले पान लुळे पडते, परंतु स्वाद बराचसा टिकतो. अशी पाने वरून पेरण्यास निरुपयोगी होत. उकळत्या आमटीत वडी न वितळविता तशीच टाकावी. प्लास्टिकच्या पेल्यात पाण्याच्या पातळीवर खूण करून ते गोठवावे. हे फुगणे मुलांना प्रत्यक्ष दिसेल.

एक सावधगिरी अवश्य बाळगावी. थंडीने जंतू मरतातच असे नाही. त्यांची वाढ केवळ थांबते. वीज जाऊन वड्या वितळल्या व थंडावा गेला, तर त्या मुलांच्या अन्नात न घालता खतखड्ड्यात टाकाव्यात. जेथे वीज भरवशाची नाही, तेथे मेथी सावलीत वाळविणेच श्रेयस्कर.