पट्टा का किंचाळतो?

इंजिनाची बोली : भाग ६

गेल्या आठवड्यात आपण धुराच्या रंगावरून इंजिनाचे दुखणे ओळखायला शिकलो. या भागात कानाचे काम आहे. जुन्या ट्रकला सकाळी स्टार्टर मारला की पुढून 'कीऽऽ' असा कर्कश आवाज येतो, मिनिटभराने विरतो आणि गाडी निघते. आवाज थांबला म्हणजे दुखणे गेले, असे मानण्याची आपल्याकडे सवय आहे. ती सोडायला हवी. फॅनबेल्ट किंचाळतो तेव्हा तो कुठेतरी घसरत असतो किंवा वाकडा चालत असतो. आवाज नेमका कधी येतो, हे नीट विचारले तर पान्हा हातात घेण्याआधीच निम्मे निदान होते.

उदाहरणासाठी टाटांचे ६९७ इंजिन घेऊ. १६१२ सारख्या गाड्यांमुळे हे सहा सिलिंडरांचे, ५,६७५ सीसीचे डिझेल इंजिन हायवेवरच्या बहुतेक जुन्या मेकॅनिकांच्या हाताखालून गेले आहे. त्याच्या पुढच्या बाजूला क्रँकची पुली असते. तिच्यावरून जाणारा पट्टा वॉटर पंप, त्याच शाफ्टवरचा पंखा आणि अल्टरनेटर फिरवतो. पट्टा ताणायचा तर अल्टरनेटरचे बोल्ट सैल करून तो लांबट खाचेच्या पट्टीवर बाहेर ओढायचा.

पकड बगलांची

हा पट्टा व्ही आकाराचा असतो. तो पुलीच्या खाचेत पाचरीसारखा रुततो आणि त्याच्या दोन्ही बगला खाचेच्या भिंतींना दाबतात. खाचेचा कोन ३८ अंश धरला, तर त्याच ताणावर सपाट पट्ट्याच्या सुमारे तिप्पट पकड मिळते. म्हणून पट्ट्याचा तळ खाचेच्या बुडाला कधीच टेकता कामा नये. तो टेकला की बगलांवरचा दाब जातो आणि पाचर नावापुरती उरते.

पकड अपुरी पडली की पट्टा पुलीला चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो. हे सेकंदाला शेकडो वेळा घडते, आणि फळ्यावर खडू चुकीच्या कोनात धरला की होते तशी किंकाळी उठते. म्हणजे नुसते रबर जुने झाले म्हणून आवाज येतो असे नाही. पट्ट्यावरचा भार त्याच्या पकडीपेक्षा जास्त झाला, हे त्याचे खरे कारण.

आवाज कधी येतो?

सुरू केल्यावर पहिली एकदोन मिनिटे येत असेल, तर अल्टरनेटरकडे पाहा. स्टार्टरने बॅटऱ्यांतून बरीच वीज ओढलेली असते आणि अल्टरनेटर ती भरून काढायला लागतो. २४ व्होल्टच्या गाडीत २८ व्होल्टला ४५ ॲम्पिअर द्यायचे म्हणजे सुमारे १,२५० वॅट. अल्टरनेटरमधली ऊर्जेची गळती धरली तर पट्ट्याला त्यासाठी जवळजवळ ३ अश्वशक्ती ओढावी लागते. त्यात अल्टरनेटरची पुली सर्वांत लहान, पट्ट्याचा विळखाही तिथेच कमी. त्यामुळे घसरण बहुधा तिथून सुरू होते. चालत्या इंजिनावर मोठे दिवे लावताच आवाज वाढला, तर शंका आणखी पक्की. बॅटरीच खराब असेल तर ती रोज सकाळी हा भार टाकत राहणार, म्हणून बॅटरीही तपासून घ्या.

ॲक्सिलरेटर दाबला की आवाज येत असेल, तर पंख्याचा विचार करा. इंजिनाला कायम जोडलेल्या पंख्याचा वेग दुप्पट झाला, तर तो फिरवायला आठपट शक्ती लागते. आयडलिंगला गप्प असलेला ढिला पट्टा रेस करताच ओरडतो, तो यामुळे.

फक्त दमट सकाळी किंवा पावसात आवाज येऊन पट्टा कोरडा होताच थांबत असेल, तर ओलाव्याने पकड कमी झाली इतकेच. पण निरोगी पट्टा एवढ्यावर सहसा ओरडत नाही. ताण आधीच काठावर असतो आणि ओलावा ते उघड करतो.

लांबलचक किंकाळीऐवजी आयडलिंगला 'चिक्-चिक्-चिक्' असा ठेक्यातला आवाज येत असेल, तर प्रकरण वेगळे. तिथे पुल्या एका रेषेत नसण्याची शक्यता मोठी. कितीही ताण दिला तरी हा आवाज जात नाही.

पाण्याची परीक्षा

इंजिन आयडलिंगला ठेवून पंख्यापासून लांब उभे राहा आणि पट्ट्याच्या आतल्या बाजूवर पाण्याची बारीक धार मारा. आवाज वाढला तर पट्टा घसरतो आहे. ताण, झीज आणि भार तपासा. आवाज क्षणभर बंद होऊन परत आला तर पुल्यांची रेषा तपासा. या परीक्षेला फक्त पाणीच वापरायचे. गळ्यातला पंचा काढून ठेवा, बाह्या सावरा आणि यापुढची तपासणी, शेवटची बेअरिंगची तेवढी सोडून, इंजिन बंद करूनच करा.

आधी पट्ट्याची बगल पाहा. ती काचेसारखी चकाकत असेल तर घसरून तापलेले रबर कडक झाले आहे. असा पट्टा ताणून सुधारत नाही, बदलावाच लागतो. बगल मऊ, फुगलेली किंवा चिकट असेल तर वरून ऑइल, डिझेल किंवा कूलंट गळते आहे. क्रँकचे पुढचे सील आणि वॉटर पंपाचे गळतीचे छिद्र पाहा. गळती न थांबवता घातलेला नवा पट्टाही लवकरच तसाच होईल.

मग पुली. नवा पट्टा खाचेच्या काठाच्या पातळीत किंवा किंचित वर बसायला हवा. तो खोल बसत असेल, खाचेचे बूड चकाकत असेल किंवा तिच्या भिंती आत वाकल्यासारख्या दिसत असतील, तर पुली झिजली आहे. रेषा पाहायला सरळ पट्टी किंवा ताणलेली दोरी पुरते. ३० सेंटिमीटर अंतरात अडीच मिलिमीटरहून जास्त फरक दिसला तर ब्रॅकेट, वायसर आणि बोल्ट तपासा.

शेवटी बेअरिंग. पट्टा काढून इंजिन थोडे सेकंदच चालवा, कारण वॉटर पंप बंद असतो. आवाज राहिला तर तो पट्ट्याच्या वाटेचा नाही. गेला तर इंजिन बंद करून अल्टरनेटर आणि पंखा हाताने फिरवा. खरखर लागली किंवा पाते धरून हलवल्यावर पंखा डुलला, तर बेअरिंग गेले आहे.

ताण किती?

दोन पुल्यांमधल्या लांब भागाच्या मध्यावर बेताच्या जोराने दाबा. दर १०० मिलिमीटर लांबीला साधारण १.६ मिलिमीटर दबला पाहिजे. ४०० मिलिमीटरच्या भागाला सहा ते सात. गाडीच्या पुस्तिकेत आकडा दिला असेल तर तोच पाळा. नवा पट्टा अर्धा तास चालला की खाचेत बसतो आणि ढिला पडतो, म्हणून ताण पुन्हा तपासावा लागतो. शेजारी शेजारी दोन पट्टे असतील तर दोन्ही एकदम बदला. जुना-नवा एकत्र घातला तर सगळा भार नवाच ओढतो.

आवाज बंद व्हावा म्हणून टॉमी घालून पट्टा तारेसारखा ताणणे हा सर्वांत महागडा उपाय आहे. पट्टा गप्प होतो, पण वॉटर पंप आणि अल्टरनेटरची बेअरिंगे त्या ओढीने लवकर जातात. पट्ट्याला साबण किंवा राळ लावण्याचेही तेच. थोडा वेळ शांतता मिळते, मग त्या थरावर धूळ बसते आणि खरे कारण झाकले जाते.

चार्जिंगचा दिवा लागल्यावर पट्टा आठवणे म्हणजे उशीर झाला. पट्टा तुटला की पंप आणि पंखा एकदमच थांबतात. भरलेला ट्रक कसारा किंवा खंबाटकी चढत असेल, तर तापमानाचा काटा लाल भागात जायला वेळ लागत नाही. तसेच दामटले तर हेड वाकते, गॅस्केट जाते. त्या खर्चापुढे पट्ट्याची किंमत काहीच नाही. हा आवाज सर्वांत आधी चालकाच्या कानावर पडतो. त्याने 'सकाळी ओरडतो' असे सांगितले, तर मालकाने ती कुरकूर समजू नये. कधी, किती वेळ आणि कोणत्या भारावर, हे तीन प्रश्न त्याला विचारावेत आणि गाडी घाटात जाण्याआधी अड्ड्यावरच उघडावी.

पुढील भागात : वॉटर पंपाची गळती आणि तापणारे इंजिन