मुठीजवळची दोन बोटे

जुनी मोरो क्रिस तलवार हातात आली की जाणकाराची नजर आधी टोकाकडे जात नाही. तो मूठ डोळ्यांजवळ घेतो. तिथे पाते दोन्ही बाजूंना फाकून परजेसारखे रुंद झालेले असते. एका बाजूला पोलाद कोरून काढलेली वळणदार खाच असते. कुणाला तिच्यात हत्तीची सोंड दिसते, तर कुणाला पाखराची उघडी चोच. त्या खाचेच्या वर, अगदी मुठीला लागून, एक आडवी पट्टी असते. तिला ‘गंग्या’ म्हणतात. ती वेगळी घडवून पात्यावर बसवली आहे की पात्याचाच भाग आहे, आणि सांध्याची रेघ कशी जाते, हे पाहिले की तलवारीच्या वयाचा अदमास येतो.

संग्राहकांचा ठोकताळा साधा आहे. रेघ शेवटपर्यंत बहुतांशी सरळ गेली असेल तर तलवार फार जुनी, अठराव्या शतकातली किंवा त्याआधीची असू शकते. अशी पाती सहसा आखूड आणि हलकी असतात. रेघ टोकाशी एकदम तिरकी वळली असेल, तर एकोणिसावे शतक किंवा विसाव्याचा प्रारंभ. आणि सांधाच नसेल, लोहाराने नुसती रेघ ओरखडून पट्टीचा आभास केला असेल किंवा तेवढीही तसदी घेतली नसेल, तर तलवार साधारण 1930 नंतरची धरावी. अपवाद निघतात, म्हणून एका खुणेवर कुणी निकाल देत नाही. तरी सुरुवात इथूनच होते.

या तलवारी दक्षिण फिलिपिन्समधल्या. मिंदानाओ बेट आणि त्याच्या नैर्ऋत्येला पसरलेला सुलू द्वीपसमूह हा तिथल्या मुस्लिम समाजांचा मुलूख. तौसुग, मारानाओ, मागिंदानाओ, याकान अशा अनेक जमातींना स्पॅनिशांनी सरसकट ‘मोरो’ म्हटले आणि तेच नाव पुढे रूढ झाले. स्पेनने मनिलावर तीनशे वर्षांहून अधिक काळ राज्य केले, पण हा मुलूख त्याच्या पुरता कह्यात कधी आला नाही. इथे तलवार हे लढण्याचे हत्यार होतेच, शिवाय ती दातूची म्हणजे सरदाराची प्रतिष्ठा होती आणि कमरेला रोज लटकणारी वस्तूही.

क्रिस मूळची जावाची. तिकडची केरिस म्हणजे भोसकण्याची कट्यार. मध्य जावात लावू पर्वताच्या उतारावर चंडी सुकुह हे पंधराव्या शतकातले मंदिर आहे. तिथल्या एका शिल्पपटात चक्क लोहारशाळा कोरली आहे: भीम पाते घडवतो आहे, अर्जुन भाता चालवतो आहे आणि दोघांच्या मध्ये गणपती नाचतो आहे. हे शस्त्र बेटाबेटांतून उत्तरेकडे सरकत मोरोंपर्यंत पोहोचले, तेव्हा ते वाढून तलवार झाले. भोसकण्याबरोबर सपासप वार करण्याचे कामही त्याला आले. काही पाती टोकापर्यंत नागमोडी असतात, काही अर्धी नागमोडी आणि पुढे सरळ, तर काही साफ सरळ.

वार करायचा म्हटले की मूठ हलता कामा नये. म्हणून मोरो कारागिराने पाते आणि मूठ यांना जखडणारी धातूची पकड बसवली. तिचे नाव ‘आसांग-आसांग’. ती चांदीची, तांब्याची किंवा पितळेची असते. कधी एक, कधी दोन. तिची घडण बारीक आणि कडा वापराने गुळगुळीत झालेल्या असतील तर चांगली खूण. मुठीचा शेंडा बहुधा काकाकुवाच्या डोक्यासारखा, तुरा आणि चोच असलेला. साध्या माणसाच्या तलवारीला तो लाकडाचा, सरदाराच्या तलवारीला हस्तिदंताचा. हस्तिदंत जुना असेल तर त्यावर मधासारखा पिवळसर रंग चढतो आणि केसाएवढ्या भेगा दिसतात.

क्रिसबरोबर आणखी दोन नावे येतात. बारोंग हे सुलूच्या तौसुगांचे आवडते शस्त्र: एका बाजूला धार, पानासारखे फुगीर पाते आणि जाडजूड पाठ. ती पाठच वाराला वजन देते. चांगल्या बारोंगची पाठ मुठीपाशी जाड असते आणि टोकाकडे हळूहळू निमुळती होत जाते. सगळीकडे सारखीच जाड पट्टी असेल तर ती कारखान्यातल्या पत्र्यातून कापली असल्याचा संशय घ्यावा. काही बारोंगांवर चिनी अक्षरांचे ठसेही सापडतात; सुलूचा चीनशी व्यापार जुना आहे. दुसरी कंपिलान. ती लांबलचक, मुठीकडे अरुंद आणि टोकाकडे रुंद होत जाणारी असते. टोकावर एक बारीक काटा असतो, आणि लाकडी मुठीचा शेवट आ वासलेल्या जबड्यासारखा. त्यात कधी केसांचे झुपके खोवलेले असतात.

पाते उघडे असेल तर त्यावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर हलक्या हाताने फिरवून पाहतात. लोखंड आणि पोलाद यांचे थर एकत्र ठोकून, दुमडून पाते घडवले असेल, तर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी वर येते आणि पाणी दिलेली धार वेगळ्या छटेने उमटते. ट्रकच्या किंवा जीपच्या स्प्रिंगपट्टीपासून केलेल्या पात्यावर असे काही येत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर पर्यटकांसाठी अशी पाती ढिगाने झाली. त्यांच्या मुठींवर चकचकीत ॲल्युमिनियम आणि म्यानांवर शिंपल्यांचे ठळक जडावकाम असते.

अस्सल तलवारी अमेरिकेत इतक्या का, याचे कारण 1898 च्या तहात आहे. त्या तहाने स्पेनने फिलिपिन्स अमेरिकेच्या हवाली केले आणि मोरोंशी नवा संघर्ष पेटला. 1906 मध्ये जोलो बेटावरच्या बुद दाहो डोंगरावर बायकापोरांसह शेकडो मोरो मारले गेले. 1911 मध्ये मोरो प्रांताचा गव्हर्नर जॉन पर्शिंग याने शस्त्रे जमा करण्याचा हुकूम काढला. 1913 मध्ये बुद बागसाकची लढाई झाली. जिंकलेली, जप्त केलेली, विकत घेतलेली हत्यारे शिपायांच्या पेट्यांतून समुद्रापार गेली. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयातल्या अशा शस्त्रांची यादी हर्बर्ट क्रीगर याने 1926 मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यातली छायाचित्रे अजून उपयोगी पडतात, कारण त्यांतल्या वस्तू 1926 च्या आधी संग्रहात आल्या एवढे तरी पक्के असते. 1996 मध्ये आलेले रॉबर्ट केटो यांचे ‘मोरो स्वोर्ड्स’ हे पुस्तकही संग्राहकांच्या हाताशी असते.

या तलवारींवर घडवणाऱ्याचे नाव क्वचितच असते. म्हणून शिपायाने म्यानाला बांधलेला पिवळा पडलेला कागद, त्यावरची तारीख आणि गावाचे नाव, यांना मोल येते. नवशिक्या मालक मात्र पहिल्याच दिवशी पॉलिश पेपर काढतो आणि काळसर पाते आरशासारखे चकचकीत करतो. त्यात थरांची नक्षी जाते आणि खाचेच्या कडा बोथट होतात. गंग्याच्या सांध्याची रेघही घासून पुसट होते, आणि मग तलवार जुनी असूनही ते दाखवायला तिच्यापाशी फारसे काही उरत नाही.