मक्याचे रक्षण करणारी बुरशी

पावसाळ्यात आमच्या अंबरनाथला बुरशीचा वैताग न आलेले घर सापडायचे नाही. वालधुनीच्या काठचे शिवमंदिर पडले दगडी. शके 982 पासून, म्हणजे इ. स. 1060 पासून ते शेवाळ अंगावर घेत उभे आहे. पण आपल्या चपला, पुस्तके, लोणच्याची बरणी? त्यामुळे बुरशी मुद्दाम विकत आणा आणि उभ्या पिकावर फवारा, असे कोणी सांगितले तर शेतकऱ्याला ती थट्टाच वाटेल. ती थट्टा नव्हे.

आपल्या उल्हास खोऱ्यात भात; मका घाटावरचा. नाशिक, जळगाव, छत्रपती संभाजीनगर, जालना, सोलापूर हे त्याचे जिल्हे. पण कोंबड्यांच्या खाद्यात मोठा वाटा मक्याचा असतो, तेव्हा तिकडचे पीक बुडाले की इकडे अंडे महागते. या पिकामागे एक परदेशी पाहुणी लागली आहे, ती म्हणजे अमेरिकन लष्करी अळी. मूळची अमेरिका खंडातली. 2016 साली ती आफ्रिकेत दिसली, 2018 साली आधी कर्नाटकात आणि मग त्याच वर्षी महाराष्ट्रात. हिची ओळख सोपी आहे. डोक्यावर इंग्रजी वाय अक्षराची उलटी खूण आणि शेपटीकडे चौकोनात मांडलेले चार काळे ठिपके. मादी पतंग एका पुंजक्यात शंभर-दोनशे अंडी घालते. बारीक अळ्या पानाचा हिरवा थर खरवडून पांढऱ्या खिडक्या पाडतात, मोठ्या झाल्या की पोंग्यात शिरतात आणि वर भुशासारखी विष्ठा साठते.

या पोंग्यातच सारी अडचण आहे. अळी आत, आणि औषध बाहेरच्या पानांवर! मग माणूस पुनःपुन्हा फवारतो, जहाल फवारतो. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. शिवाय मक्याचा हिरवा पाला गुरांच्या दावणीत जातो, हेही ध्यानात घ्या.

आता बुरशीचे पाहा. विष अळीच्या पोटात जावे लागते किंवा अंगाला लागून झोंबावे लागते. बुरशीचा बीजाणू, म्हणजे तिचे डोळ्यांना न दिसणारे बी, अळीच्या कातडीला नुसते चिकटले तरी पुरे. दमट हवा मिळाली की ते रुजते, कातडी विरघळवणारा पाचक रस सोडते आणि कोंब आत घुसवते. पुढे अळीच्या रक्तातच तिची वाढ होते. अळीचे खाणे मंदावते आणि पाच ते सात दिवसांत ती मरून कडक होते. मग अंगावर पांढरा कापूस, त्यावर हिरवट भुकटी. ती भुकटी म्हणजे नवे बीजाणू, वाऱ्यापावसाबरोबर शेजारच्या ताटावर जाणारे.

ही युक्ती आजची नाही. इटलीतल्या अगोस्तिनो बास्सी यांनी 1835 साली दाखवून दिले की, रेशमाच्या किड्यांचा एक रोग बुरशीमुळे होतो. ‘बिव्हेरिया बॅसियाना’ या बुरशीला त्यांचेच नाव आहे. 1879 साली मेचनिकॉव्ह यांनी रशियात गव्हावरच्या भुंगेऱ्यांवर ‘मेटारायझियम’ वापरून पाहिली. आपल्याकडे तर गंमतच झाली. 2018 साली कर्नाटकात ही अळी आली, आणि त्याच वर्षी शेतात तिची बुरशीने मेलेली प्रेतेही सापडली! ती बुरशी ‘नोमुरिया रिलेई’. आपल्या जुन्या, देशी अळ्यांवर ती आधीपासून जगत होती. पाहुणी आली, तिलाही तिने धरले.

तुम्ही म्हणाल, मग काही शेतकरी ‘फवारली, पण गुण आला नाही’ असे का सांगतात? बहुतेकदा ते तिला विषासारखी वागवतात म्हणून. ही जिवंत वस्तू आहे. विरजणाला जसे जपता तसे जपा. पुडा उन्हात, मोटारसायकलच्या डिकीत तापला की आतले बी मेले. मुदत पाहून घ्या. करप्यासाठी वापरायचे बुरशीनाशक तिच्यात मिसळू नका, त्याचा पंप न धुता वापरू नका. हे तर विरजणात उकळते पाणी ओतण्यासारखे झाले. फवारणी संध्याकाळी, ऊन उतरल्यावर करा. कडक उन्हाने बीजाणू मरतात, आणि रात्रीचे दंव त्यांना हवेच असते. पेरणीनंतर 15 ते 25 दिवसांत, अळ्या लहान असताना, मेटारायझियमची भुकटी 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम घेऊन पंपाचे तोंड थेट पोंग्यात धरा. उन्हापासून आड आणि कायम ओलसर, बुरशीला याहून चांगली जागा कोणती? गरज पडल्यास दहा दिवसांनी पुन्हा. दुसऱ्या दिवशी अळ्या जिवंत दिसल्या तर घाबरू नका, आठवडा जाऊ द्या. मात्र अळ्या मोठ्या होऊन पोंगे फस्त करू लागल्यावर एकट्या बुरशीच्या भरवशावर बसू नये, असे माझे स्पष्ट मत आहे; तेव्हा कृषी अधिकाऱ्यांना विचारा. खात्रीचा माल परभणीच्या कृषी विद्यापीठासारख्या ठिकाणी मिळतो. माणसाला किंवा गुरांना ही बुरशी रोग देत नाही, तरी भुकटी कालवताना नाकाला रुमाल बांधाच.

शिक्षकबंधूंनो, शेतातली कडक झालेली मेलेली अळी चिमट्याने उचलून काचेच्या बरणीत, ओल्या टिपकागदावर ठेवा आणि झाकण लावा. दोन-चार दिवसांत मुलांना पांढऱ्याचा हिरवा रंग होताना दिसेल. अळी काळी पडून पानावर उलटी लोंबत असेल आणि हात लावताच फुटत असेल, तर तो विषाणूचा रोग. त्याचा धडा वेगळा.

आणि एक इशारा. ज्या बुरशीने लष्करी अळी मरते तिने रेशमाचा किडाही मरतो. जालना, बीडकडे तुतीची लागवड बरीच आहे. शेजाऱ्याच्या तुतीवर तुमच्या पंपाचा फवारा जात असेल, किंवा घरात रेशीम कीटकांचे संगोपन चालू असेल, तर ही बुरशी त्या शेतात वापरू नका.