मराठी पडद्यावरचे गाव

चित्रपटाला समाजाचा आरसा म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. आरसा कोणाच्या हाती आहे, हे मात्र सहसा विचारले जात नाही.

बाबूराव पेंटरांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’मध्ये जमीन गमावणारा शेतकरी दाखविला, हे मान्यच केले पाहिजे. पण पुढे कोल्हापूरकडचे गाव तेच महाराष्ट्राचे गाव, असे समीकरण रूढ झाले. वाडा, पाटील, फड, लावणी! ज्या महार, मांग, कोल्हाटी कलावंतांनी तमाशा जगविला, त्यांची जात पडद्यावर येता येता गळून पडली. ‘पिंजरा’ (१९७२) घ्या. त्यातली शोकांतिका गुरुजींची. फड ही त्यांच्या अधःपाताची जागा. नाचणारीला फडावर कोणत्या व्यवस्थेने आणले, हा प्रश्नच तेथे नाही. (मीही मास्तरच आहे, पण माझे मन फडाच्या बाजूने जाते.)

हे दुखणे एकट्या मराठीचे नव्हे. केरळात पहिल्या मूकपटाची नायिका पी. के. रोझी ही दलित स्त्री होती. तिने नायर स्त्रीची भूमिका केली, म्हणून तिला परागंदा व्हावे लागले.

नागराज मंजुळे यांच्या ‘फॅण्ड्री’ने (२०१३) आरसा हिसकावून घेतला. फॅण्ड्री म्हणजे कैकाडी भाषेत डुक्कर. जब्याचे कुटुंब डुकरामागे धावते, गाव हसते; शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येताच तेच कुटुंब ताठ उभे राहते. मग बांधलेले डुक्कर खांद्यावर घेऊन ते शाळेच्या भिंतीवरून जातात, तिच्यावर बाबासाहेब आणि सावित्रीबाई रंगविलेले आहेत. अशी भिंत आपल्या गावोगावच्या शाळांना आहे.

आमची वऱ्हाडी बोली पडद्यावर बहुधा हसे पिकवायला येते. सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’मध्ये (२००९) ती संतापते, नावातच शिवी आहे. किसनाने जीव देऊ नये म्हणून त्याची बायको मुलाला त्याच्यावर पाळत ठेवायला लावते. २००६ च्या केंद्रीय पॅकेजमधील सहा जिल्ह्यांत आमचा वाशीमही होता, म्हणून ही कथा आम्हांला परकी नाही. तरीही तो सातबारा असलेल्या घराचा चित्रपट आहे. पेरणी उलटली की निंदणाऱ्या बाईची मजुरीही बुडते. आणि ज्या घरात सातबारा नाही, ते आत्महत्येनंतरच्या भरपाईच्या यादीत बसत नाही. सोयाबीनच्या सोंगणीत माझा निम्मा वर्ग रिकामा असतो. ती मुले अशाच घरांतली.