चौदावा स्लॅब

सकाळी 6.30

पुण्याजवळ मारुंजीच्या बाजूची आमची साइट. आज चौदावा स्लॅब भरायचा आहे. 120 घनमीटर काँक्रीट, म्हणजे सहा-सहा घनमीटरच्या वीस गाड्या. गर्दीच्या वेळी जड वाहनांना रस्ता बंद, रात्री दहानंतर आवाज बंद. उरलेल्या तासांत वीस मिक्सर बसवायचे. स्लॅबच्या दिवशीची सगळी भांडणं याच हिशेबातून उठतात.

मी आधी वर जात नाही, स्लॅबखालच्या मजल्यावर जातो. प्रॉप ओळंब्यात आहेत का, बूड फळीवर नीट टेकलंय का, आणि मुख्य म्हणजे पिन. पिन हरवली की सेंटरिंगवाले सळईचा तुकडा घालून मोकळे होतात. लांबून फरक कळत नाही. ओल्या काँक्रीटचा भार आला की सळई वाकते. आज तीन प्रॉपांत सळई सापडली. 2016 च्या जुलैत इथून जवळच बालेवाडीला भरता भरता स्लॅब कोसळला आणि 9 कामगार गेले. या पट्ट्यात काम करून जो इंजिनिअर खालची फेरी टाळतो, त्याने दुसरा धंदा बघावा.

8.00

हजेरी. बहुतेक पोरं मालदा-मुर्शिदाबादची, काँक्रीटची टोळी लातूर-नांदेडकडची. त्यात एक नवा चेहरा. रात्रीच्या गाडीने उतरलाय, डोळे लाल.

“हा कोण, मुकादम?”

“पाव्हणा आहे साहेब. हुशार आहे. वर नुसता व्हायब्रेटर धरंल.”

“हाइट पास?”

“उद्या करू की.”

“मग वर उद्याच जाईल. आज खाली राहू द्या.”

हाइट पास म्हणजे रक्तदाब, चक्कर येते का ते बघणं आणि पट्टीवरून चालायला लावणं. तासाभराचं काम. मुकादमाला पास नको असतो असं नाही, त्याला तो तास नको असतो. टोळीचा ठेका स्क्वेअर फुटावर. पोरगा तपासणीला बसला तर त्याची रोजी मुकादमाच्या खिशातून जाते. आणि हा पोरगा दोन महिन्यांत दुसऱ्या साइटवर गेला, की बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीसाठी लागणारा 90 दिवसांच्या कामाचा दाखला त्याला कोण देणार, हा प्रश्न तर मुकादम आणि मी दोघंही टाळतो.

9.15

टॉवर क्रेन. ऑपरेटर लिमिट स्विच तपासून दाखवतो, मी हुकाची कडी आणि डी-शॅकल बघतो. वायर रोपच्या एका स्लिंगला तारा सुटलेल्या. ती नुसती बाजूला ठेवून चालत नाही. चार दिवसांनी कुणीतरी कोपऱ्यातून उचलून पुन्हा लावतो. म्हणून गॅस कटरने तिथल्या तिथे दोन तुकडे. स्टोअरकीपर असा बघतो, जणू त्याच्या घरचीच दोरी कापली.

11.00

पहिली गाडी. माल किती पातळ ते बघायला स्लम्प घेतला, ताकद तपासायला क्यूब भरले. पंप सुरू. पंप चालू असला की साइटला एक लय येते आणि माणसं आपोआप नीट वागतात. या तासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही, हीच त्याची तारीफ.

1.30

जेवण आळीपाळीने. पंप थांबत नाही.

3.10

पंप थांबला. नववी गाडी वाकडच्या चौकात अडकली. प्लांटवर काँक्रीट भरल्यापासून दोन तासांत ते उतरलं पाहिजे. गाडी गेटवर आली तेव्हा दहा मिनिटं उरलेली आणि माल घट्ट. ड्रायव्हरचा हात थेट पाण्याच्या पाइपवर. ड्रममध्ये पाणी मारलं की माल सरसर उतरतो, आणि 28 दिवसांनी क्यूब फोडताना त्याचं उत्तर मिळतं. गाडी परत पाठवली. पंपाचं भाडं चालू, टोळी बसून, वरच्या साहेबांचे फोन. गाडी परत पाठवल्याबद्दल मला कुणी शाबासकी देणार नाही, हे मला पाठ आहे.

6.00

खरा धोक्याचा तास हा. पाच गाड्या बाकी, उजेड उतरलेला, पाय जड झालेले आणि काम नेमकं कडेला आलेलं. बेल्ट सगळ्यांच्या अंगावर असतो. हुक लाइफलाइनला नसतो. दर दोन-तीन मीटरला हुक काढा, पुढे सरका, परत अडकवा. स्क्वेअर फुटाच्या दरात या अडकवण्याचा एक पैसा धरलेला नाही.

“हुक किधर है?”

“बस दो मिनिट का काम है, सर.”

मी पंप बंद करायला सांगतो. कडेचे सगळे हुक अडकेपर्यंत पंप चालत नाही. मुकादम कपाळाला हात लावतो. पोस्टर, शपथ, सुरक्षा सप्ताहातल्या टोप्या, सगळं मी पाहिलंय. माझा भरवसा फक्त पंपाच्या बटणावर आहे.

9.20

शेवटची गाडी रिकामी झाली. पाइपलाइन साफ करताना हवेच्या दाबाने आतला स्पंजचा गोळा सुटतो, तेव्हा तोंडासमोर कुणी नको. दमलेली माणसं नेमकी तिथेच येऊन बसतात. त्यांना उठवून लांब पाठवलं, मग हवा सोडली.

10.00

ऑफिसात मुकादम बिलाचं बोलायला येतो. कायद्याने ओव्हरटाइम दुप्पट. ठेक्यात तो नावालाही नसतो. या वेळी मी मोजणीच्या कागदावर स्क्वेअर फुटांच्या खाली वेगळी ओळ लिहिली: हाइट पास, लाइफलाइन बांधणे आणि थांबलेले तास, रोजीच्या दराने.

“हेड ऑफिस पास करंल का हे, साहेब?”

“विचारतील. तुमची हजेरीची वही उद्या घेऊन या, आणि त्या पोराला आठ वाजता डॉक्टरकडे पाठवा. त्याचा तासही याच ओळीत लिहू.”