कोलभाट गल्लीचे वळण आणि जगाचे दप्तर

पुस्तक छापून झाले म्हणजे त्याच्या प्रती सरकारदप्तरी रुजू कराव्या लागतात, हे गिरगावातील छापखानेवाल्यांच्या अंगवळणी १८६७ च्या पंचविसाव्या कायद्यापासूनच पडलेले होते. पुढे १९५४ च्या कायद्याने प्रकाशकावर असे बंधन घातले की, प्रसिद्धीनंतर तीस दिवसांच्या आत त्याने स्वखर्चाने एक प्रत कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे आणि तशीच एकेक प्रत अन्य नियुक्त ग्रंथालयांकडे पोचती करावी, व त्यांत मुंबईच्या टाउन हॉलमधील मध्यवर्ती ग्रंथालयाचाही समावेश झाला. ग्रंथाची अशी तजवीज झाली. परंतु ज्या खिळ्यांनी (टाइपांनी) तो ग्रंथ उभा राहिला त्यांना मात्र कोणतेही दप्तर नव्हते. गिरगावालगतच्या कोलभाट गल्लीत जावजी दादाजींनी १८६४ मध्ये टाइपांचा कारखाना आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला, राणोजी रावजी आरू यांनी पोलादावर अक्षरे कोरली, आणि त्या अक्षरांतून 'काव्यमाले'सारखी संस्कृत ग्रंथांची मालिका काशीपासून युरोपातील विद्यापीठांपर्यंत पोहोचली. तरीही ते कोरलेले पंच आणि त्यांवरून घडविलेल्या मातृका (साचे) ही अखेर एका कारखान्याची खासगी मालमत्ता होती. खिळ्यांची छपाई संपुष्टात आली तेव्हा ठिकठिकाणच्या छापखान्यांतील खिळे वजनावर विकले गेले आणि वितळले. या हानीची खंत आपल्या समाजाने करावी तितकी केलेली नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र मुंबईच्या टाइपांच्या त्या वळणाचे नाव एका निराळ्याच दप्तरात दाखल झालेले आहे. स्टॅनफर्डचे डोनाल्ड क्नुथ यांनी, आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते पाहून असमाधान वाटल्यामुळे, १९७७ पासून अक्षरजुळणीची 'टेक' ही संगणकप्रणाली रचण्यास घेतली. आणि १९९१ मध्ये हॉलंडातील ग्रोनिंगेन विद्यापीठाच्या फ्रान्स वेल्थाउस यांनी तिच्यासाठी देवनागरी अक्षरे सिद्ध केली. त्यांच्या संचात 'बॉम्बे' आणि 'कलकत्ता' अशी वळणे नावानिशी नोंदलेली आहेत. अ, झ, ण यांसारखी अक्षरे मुंबईच्या टाइपांत एका रीतीने व कलकत्त्याच्या टाइपांत दुसऱ्या रीतीने काढली जात; तो भेद या संचात जतन झाला, आणि वापरणारास आपले वळण निवडण्याची मुभा राहिली.

हा संच ज्या सार्वजनिक भांडारात आहे त्याला 'सीटॅन' म्हणतात. जर्मनी, इंग्लंड व अमेरिका येथील स्वयंसेवकांनी १९९२ मध्ये त्याची उभारणी केली, व पुढल्या वर्षी इंग्लंडातील ॲस्टन विद्यापीठात भरलेल्या परिषदेत ते जाहीर झाले. पुढे याच नमुन्यावर 'पर्ल' भाषेच्या प्रोग्रामांचे 'सीपॅन' भांडार निघाले. येथे पॅकेज दाखल करण्यास शुल्क नाही, शिफारसपत्र नाही. परंतु शिस्त आहे, आणि ती मला अत्यंत आदरणीय वाटते. पॅकेजचे नाव आधीच्या कोणत्याही नावाशी जुळता कामा नये. सर्व फायली त्याच नावाच्या एका फोल्डरमध्ये घालून त्याची झिप करावी. आरंभी 'रीडमी' नावाची साधी टिपणी असावी व तीत वस्तू काय आहे, कोणाची आहे, कोणत्या परवान्याखाली दिली आहे हे लिहावे. सविस्तर माहितीपुस्तिका पीडीएफ स्वरूपात जोडावी. आणि काम चालू असता आपोआप निर्माण होणाऱ्या निरुपयोगी फायली काढून टाकाव्यात. नंतर अर्जात आवृत्तीचा क्रमांक, कर्त्याचे नाव, ईमेल आणि थोडक्यात वर्णन भरावयाचे. अर्ज स्वयंसेवकांपैकी कोणीतरी प्रत्यक्ष पाहतो, उणीव दिसल्यास कळवितो, आणि पसंत पडल्यावर ती वस्तू देशोदेशींच्या प्रतिरूप भांडारांत पोहोचते. परवाना खुला असल्यास तेथून ती 'टेक लाइव्ह' या वार्षिक संचात प्रविष्ट होऊ शकते.

ग्रंथालयाहून येथे एक महत्त्वाचा फरक आहे. ग्रंथालय प्रत्येक आवृत्ती जपते. सीटॅनमध्ये नवी आवृत्ती आली की जुनी बाजूला होते, म्हणून गतवर्षींचे वार्षिक संच यूटा विद्यापीठासारख्या ठिकाणी स्वतंत्रपणे राखावे लागतात. पण परवाना स्पष्ट असल्यामुळे कर्ता थकला तरी काम थकत नाही: वेल्थाउस यांचा संच पुढे अंशुमन पांडे, झ्देनेक वाग्नर प्रभृतींनी सांभाळला आणि वाढविला. कारखान्याच्या कुलपात पडलेल्या मातृकेला हे भाग्य लाभणे शक्य नव्हते.

मुंबईकडूनही या भांडारात भर पडली आहे. पवईच्या आयआयटीने सिद्ध केलेला 'शोभिका' हा टंक तेथे आहे. त्यात देवनागरीच्या १६०० हून अधिक आकृती, ११०० हून अधिक जोडाक्षरे आणि वैदिक स्वरचिन्हे आहेत, व तो खुल्या परवान्याखाली कोणासही वापरता, सुधारता येतो. संस्कृत ग्रंथांच्या शुद्ध मुद्रणाचा जो ध्यास कोलभाट गल्लीत होता, त्याच कुळातले हे कार्य आहे. आता निर्णयसागराची जुनी पुस्तके ज्या ग्रंथालयांत सुस्थितीत आहेत, तेथील छापील पानांवरून त्या अक्षरांचे काळजीपूर्वक रेखन करून, त्याचा टंक सिद्ध करून, राणोजी आरूंचे नाव 'रीडमी'त प्रथम लिहून तो दाखल करण्याचे काम कोणीतरी हाती घ्यावे. माहितीपुस्तिका इंग्रजीतच असावी असा तेथे आग्रह नाही. ती मराठीत लिहिली तरी स्वीकारली जाते.