‘सर्वांत मोठी’ मूळ संख्या आणि तिच्याभोवतीचे गैरसमज

ऑक्टोबर २०२४ मध्ये जगातली सर्वांत मोठी मूळ संख्या सापडल्याच्या बातम्या आल्या. ‘आजवर माहीत असलेली’ हे शब्द त्यातून गळले की बातमीच चुकते. मूळ संख्या अनंत आहेत, हे युक्लिडने दोन हजार वर्षांपूर्वीच सिद्ध केलं; सर्वांत मोठी अशी कुणी असूच शकत नाही. ‘गिम्प्स’ या स्वयंसेवी शोधमोहिमेत अमेरिकेच्या ल्यूक ड्युरंट यांना सापडली ती २ चा १३,६२,७९,८४१ वा घात, वजा १. अंक ४,१०,२४,३२०. द्विमान पद्धतीत लिहिलीत तर नुसते एकावर एक!

घातांक मूळ घ्यावा, २ च्या घातातून १ वजा करावा, की मूळ संख्या तयार, असंही अनेकांना वाटतं. तसं नाही. ११ मूळ आहे, पण २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि ती होते २३ गुणिले ८९. ज्याच्या नावाने या संख्या ओळखल्या जातात तो मर्सेनसुद्धा १६४४ च्या यादीत ६७ आणि २५७ हे चुकीचे घातांक घालून बसला, आणि ६१, ८९, १०७ त्याच्या हातून निसटले.

यातल्या ६७ ची कथा तर आणखी एक समज खोडते: संख्या मूळ नाही हे कळायला तिचे अवयव सापडावे लागतात, हा. ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने १८७६ मध्ये २ चा ६७ वा घात वजा १ ही संख्या मूळ नसल्याचं दाखवलं. अवयव मात्र फ्रँक कोल यांनी १९०३ मध्ये दिले, १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. अवयव शोधत भागून बघण्याची गरजच नसते. ल्युकाच्या कल्पनेतून पुढे लेमर यांनी बसवलेली कसोटी पाहा. ४ पासून सुरुवात. वर्ग करा, २ वजा करा, आपल्या संख्येने भागून बाकी ठेवा, पुन्हा तेच. ३१ साठी (घातांक ५) हे तीनदा करायचं: १४, मग १९४ ची बाकी ८, मग ६२ ची बाकी शून्य. शेवटी शून्य आलं, म्हणजे ३१ मूळ. विक्रमी संख्या बहुतेक मर्सेनच्या कुळातल्या असतात त्या या सोप्या कसोटीमुळे. मोठ्या मूळ संख्यांचा घाटच तसा असतो म्हणून नव्हे.

बँकेच्या गुप्तलेखनाला ही नवी विक्रमी संख्या कामाची नाही. तिथे साधारण तीनशे अंकी मूळ संख्या पुरतात, आणि त्या गुप्त असाव्या लागतात.

विक्रमापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या माहीत असतात, असंही नाही. आधीचा विक्रम २०१८ चा, घातांक ८,२५,८९,९३३. १ पेक्षा मोठी कोणतीही पूर्ण संख्या आणि तिची दुप्पट यांच्यामध्ये निदान एक मूळ संख्या असतेच, हे चेबिशेव्हने एकोणिसाव्या शतकात सिद्ध केलं आहे. घातांक एकाने वाढला की घात दुप्पट होतो, म्हणजे या दोन विक्रमांमध्ये किमान ५ कोटी ३६ लाख मूळ संख्या आहेत. नवा विक्रम झाला त्या दिवशी त्यातली एकही कुणाला माहीत नव्हती.